हृदयरुग्णाला विचारून उपचारांचा दर्जा कसा मोजावा

ओपीडीत डॉक्टर विचारतात, “काय बाबा, कसं आहे?” बाबा म्हणतात, “बरं आहे.” केसपेपरवर ‘स्टेबल’ लिहिलं जातं, गोळ्या त्याच राहतात, पुढचा नंबर पुकारला जातो. बाहेर बाकावर त्यांची सून हळूच सांगते, “सिस्टर, पंधरा दिवस झाले, बाबा भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपतात. आडवं झालं की दम लागतो म्हणतात.”

मी नाशिकमध्ये हृदयरोग विभागात रुग्णांच्या पाठपुराव्याचं काम करते. असा प्रसंग दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या बाकावर घडतो. बाबा खोटं बोलत नसतात. डॉक्टरांचा वेळ खायचा नसतो, नव्या तपासण्या मागे लावून घ्यायच्या नसतात, बागेत छाटणी चालू असताना ॲडमिट व्हायचं नसतं. शिवाय ‘कसं आहे’ला ‘बरं आहे’ म्हणायचं, ही आपली रीतच आहे. शेजाऱ्यानं विचारलं तरी आपण तेच म्हणतो.

म्हणून विचारायची पद्धत बदलावी लागते. ठरलेले प्रश्न, ठरलेल्या शब्दांत, ठरलेल्या वेळी विचारायचे आणि उत्तरांचे गुण मांडायचे. जगभर याला ‘प्रोम’ म्हणतात. रुग्णानं स्वतः सांगितलेला उपचारांचा परिणाम, मध्ये डॉक्टरांचा किंवा नातेवाइकांचा अर्थ न मिसळता, असा त्याचा साधा अर्थ. ही पद्धत एखाद्या मध्यम रुग्णालयात किंवा दोन डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये कशी बसवायची, ते पुढे क्रमानं लिहिते. काही पायऱ्यांवर मी जास्त रेंगाळले आहे, कारण काम अडतं ते तिथेच.

आपण आज काय मोजतो आणि काय सुटतं

हार्ट ॲटॅकचा रुग्ण दारात आल्यापासून त्याची बंद नळी फुग्यानं उघडेपर्यंत ९० मिनिटांच्या आत काम व्हावं, हा जुना आणि चांगला मापदंड आहे. त्याच्यासोबत मृत्यू, जंतुसंसर्ग, ३० दिवसांत पुन्हा दाखल झालेले रुग्ण हे आकडे ठेवले जातात. ते ठेवलेच पाहिजेत. पण ज्या माणसाची नळी वेळेत उघडली, तो सहा महिन्यांनी जिना चढतो का, शेतात जातो का, रात्री झोपतो का, हे त्यातल्या एकाही आकड्यात दिसत नाही.

इकोच्या रिपोर्टातही दिसत नाही. एलव्हीइएफ, म्हणजे हृदयाचा डावा कप्पा दर ठोक्याला त्यातलं किती टक्के रक्त पुढे ढकलतो तो आकडा, ३० टक्के असलेले दोन रुग्ण शेजारी बसवा. एक जण रोज सकाळी पंचवटीतून रामकुंडापर्यंत चालत जाऊन येतो, दुसऱ्याला अंघोळीनंतर दहा मिनिटं पलंगावर बसावं लागतं. पंपाची ताकद सारखी, आयुष्य वेगळं.

डॉक्टरांच्या नजरेतूनही बरंच निसटतं. अमेरिकेतल्या २५ हृदयरोग बाह्यरुग्ण केंद्रांत झालेल्या एका अभ्यासात रुग्णांनी आधी प्रश्नावली भरली आणि नंतर डॉक्टरांना त्यांचा अंदाज विचारला. मागच्या महिन्यात छातीचा त्रास झाल्याचं सांगणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे ४२ टक्के जणांचा त्रास डॉक्टरांनी प्रत्यक्षापेक्षा कमी समजला होता. ते डॉक्टर निष्काळजी नव्हते. मोकळ्या प्रश्नाला मिळणारं उत्तरच तोकडं असतं.

एक गोष्ट इथेच वेगळी काढू. डिस्चार्जच्या वेळी आपण जो अभिप्राय फॉर्म भरून घेतो, म्हणजे जेवण कसं होतं, चादर बदलली का, सिस्टर नीट बोलल्या का, तो प्रोम नव्हे. तो सेवेचा अनुभव सांगतो. माणूस सेवेवर अगदी खूश असू शकतो आणि तरीही त्याला दोन पावलांवर धाप लागत असते. दोन्ही विचारा, पण एका कागदावर एकत्र करू नका.

पहिली पायरी: एकच गट निवडा

सुरुवातीलाच सगळे हृदयरुग्ण घेऊ नका. बायपास, व्हॉल्व्ह, पेसमेकर, हार्ट ॲटॅक, हार्ट फेल्युअर (हृदय कमी ताकदीनं किंवा ताठरपणे काम करतं तो आजार) अशी सगळी मोट बांधली की प्रश्नावलीही चुकते आणि आकड्यांचा अर्थही लागत नाही. माझा सल्ला: हार्ट फेल्युअरचे बाह्यरुग्ण किंवा आधी ठरवून केलेली अँजिओप्लास्टी, यांतला एक गट घ्या. पहिल्या गटात रुग्ण वारंवार येतात, म्हणून उत्तरांचा उपयोग लगेच होतो. दुसऱ्यात ‘आधी’ आणि ‘नंतर’ स्पष्ट असतं.

तातडीच्या हार्ट ॲटॅकला मात्र ‘आधी’चे गुण मिळत नाहीत. काल रात्रीपर्यंत माणूस ठणठणीत होता. तिथे डिस्चार्जनंतर महिन्याभरानं पहिलं मोजमाप घ्या आणि पुढची तुलना त्याच्याशी करा.

दुसरी पायरी: तयार प्रश्नावली घ्या, स्वतः लिहू नका

आपणच दहा प्रश्न लिहून काढावेत असा मोह सगळ्यांना होतो. मलाही झाला होता. पण प्रश्न खरंच तीच गोष्ट मोजतो का, तब्येत बदलली की गुण बदलतात का, तब्येत तशीच राहिली तर गुण स्थिर राहतात का, हे तपासायला वर्षं लागतात. ते काम आधीच झालेलं आहे.

हार्ट फेल्युअरसाठी ‘कॅन्सस सिटी कार्डिओमायोपथी क्वेश्चनेअर’ वापरा. तिला सगळे केसीसीक्यू म्हणतात. जॉन स्पर्टस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००० साली प्रसिद्ध केली. मूळ प्रश्न २३, आणि २०१५ मध्ये १२ प्रश्नांची छोटी आवृत्ती आली. रोजच्या ओपीडीला छोटीच योग्य. मागच्या दोन आठवड्यांबद्दल ती विचारते: अंघोळ, सपाटीवर चालणं, घाईनं चालणं, पायांची सूज, थकवा, धाप, बसून झोपावं लागणं, आयुष्यातली मजा कमी झाली का, काम आणि भेटीगाठी जमतात का. गुण ० ते १००, जास्त म्हणजे चांगलं. अमेरिकेच्या हृदयरोग संघटनांनी २०२२ च्या हार्ट फेल्युअर मार्गदर्शक सूचनांत अशा प्रमाणित प्रश्नावलीचा वापर उपयुक्त ठरवला आहे, तेव्हा वरिष्ठांना पटवताना तो आधार हाताशी ठेवा.

छातीच्या त्रासासाठी, म्हणजे अँजायनासाठी, ‘सिॲटल अँजायना क्वेश्चनेअर’ आहे. तीही स्पर्टस यांचीच, १९९५ ची, १९ प्रश्नांची. २०१४ पासून सात प्रश्नांची आवृत्ती मिळते. ती मागच्या चार आठवड्यांबद्दल विचारते. तिच्यातला त्रासाच्या वारंवारतेचा भाग वाचायला सोपा आहे: १०० म्हणजे त्रास अजिबात नाही, ६१ ते ९९ म्हणजे महिन्यातून कधीतरी, ३१ ते ६० म्हणजे आठवड्याला, ३० किंवा कमी म्हणजे जवळपास रोज.

‘मिनेसोटा’ नावाची २१ प्रश्नांची जुनी प्रश्नावलीही अनेक प्रबंधांत दिसते. तिचे गुण उलटे असतात, ० ते १०५, आणि जास्त म्हणजे वाईट. एकाच विभागात दोन दिशांचे गुण ठेवले तर कोणीतरी कधीतरी चुकणारच, म्हणून मी ती टाळते.

मनाची अवस्था विचारायला पीएचक्यू-२ जोडा. त्यात दोनच प्रश्न आहेत. सहापैकी तीन किंवा जास्त गुण आले तर नऊ प्रश्नांची मोठी आवृत्ती, पीएचक्यू-९, विचारायची. हार्ट ॲटॅकनंतरची उदासी आपल्याकडे ‘अशक्तपणा’ या एका शब्दाखाली गाडली जाते, आणि मग माणूस गोळ्या सोडतो, चालायला जात नाही, कोणाशी बोलत नाही. हे दोन प्रश्न वगळू नका.

पीएचक्यू मोफत वापरता येते, पण हृदयाच्या या प्रश्नावल्यांवर मालकी हक्क आहेत. वापरण्याआधी हक्कधारकांकडून परवाना आणि अधिकृत भाषांतर मागवा. इंटरनेटवरून उचललेली प्रत किंवा मशीननं केलेलं मराठी वापरू नका.

तिसरी पायरी: भाषा, आणि विचारणारा माणूस

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

इंग्रजी मुळात ‘चेस्ट पेन’ असतं. आपल्याकडचा रुग्ण छातीत ‘दुखतं’ असं क्वचित म्हणतो. तो म्हणतो जड वाटतं, दाबल्यासारखं होतं, कोंडल्यासारखं होतं, भरून येतं, जीव घाबरा होतो, आणि सगळ्यात जास्त म्हणजे ‘गॅस होतो’. “छातीत दुखतं का?” विचारलं की उत्तर नाही. “चालताना छातीत जड होतं, थांबलं की बरं वाटतं, असं होतं का?” विचारलं की माणूस सरसावून बसतो. चांगल्या भाषांतरात ही छटा आलेली असते. तुमच्या हातात आलेली प्रत आधी दहा-बारा रुग्णांना वाचायला द्या आणि प्रत्येक प्रश्नानंतर विचारा, “तुम्हाला यातून काय समजलं?” जिथे तीन-चार जण अडखळतील तो प्रश्न हक्कधारकांना कळवा. स्वतः बदलू नका. अंतराच्या जागी ‘रविवार कारंज्यापासून मेन रोडपर्यंत’ असं घालणं फार सोयीचं वाटतं, पण मग तुमचे गुण इतर कोणाशीच जुळवता येत नाहीत.

‘हार्ट फेल्युअर’ हा शब्द प्रश्नावलीच्या वाक्यावाक्यात येतो. घरच्यांना तो ‘हार्ट फेल झालं’ असा ऐकू येतो, म्हणजे सगळं संपलं. एका आजींनी फॉर्म वाचला आणि त्या रडायलाच लागल्या, कारण तोपर्यंत त्यांना हा आजार कोणी नावानं सांगितलाच नव्हता. त्या दिवसापासून मी फॉर्म देण्याआधी दोन मिनिटं बसून सांगते: हृदय बंद पडलेलं नाही, ते कमी ताकदीनं किंवा ताठरपणे काम करतंय, म्हणून अंगात पाणी साठतं आणि धाप लागते, औषधांनी यात फरक पडतो. एवढं बोलणं झाल्याशिवाय कागद पुढे करायचा नाही.

नाशिक जिल्हा एका बोलीचा नाही. मालेगाव, सटाणा, कळवणकडचे लोक घरात अहिराणी बोलतात, मालेगावात उर्दूही आहे, सुरगाणा-पेठकडून येणाऱ्यांची कोकणा बोली वेगळी. ज्याला प्रमाण मराठी वाचायला जड जातं, त्याला प्रश्न वाचून दाखवा. जसा लिहिलाय तसाच वाचा, सगळे पर्याय वाचा, मान डोलावून उत्तर सुचवू नका. समजावून सांगावंच लागलं तर फॉर्मवर खूण करा.

वाचून दाखवणारी व्यक्ती उपचार करणारी नको. डॉक्टरांसमोर, आणि ज्या सिस्टरनं रात्रभर सेवा केली तिच्यासमोरही, माणूस आपला त्रास कमी करून सांगतो. तिला वाईट वाटू नये म्हणून. नोंदणीचं काम करणारा मुलगा, फिजिओथेरपीची विद्यार्थिनी, समाजसेवा विभागातल्या ताई चालतील. नातेवाइकांना नम्रपणे सांगा, “दादा, हे उत्तर काकांचंच हवं.” मुलगा शेजारी असला की काका बोलायच्या आधी तोच बोलतो. बाईचा नवरा शेजारी असला की अनेकदा ती बोलतच नाही.

बायकांच्या बाबतीत अजून एक. ‘काम जमतं का’ला त्या ‘हो’ म्हणतात, कारण काम करावंच लागतं. पोळ्या तीन वेळा थांबून केल्या तरी झाल्या म्हणजे जमल्या. घाई करू नका. पर्याय पुन्हा एकदा सावकाश वाचा, मग त्या स्वतःच म्हणतात, “होतं सगळं, पण बसत बसत.”

केसीसीक्यूत हालचालींच्या प्रश्नांना एक पर्याय असतो: इतर कारणामुळे जमत नाही, किंवा ती गोष्ट केलीच नाही. हा पर्याय महत्त्वाचा आहे. गुडघे गेलेल्या आजी घाईनं चालत नाहीत, त्याचा हृदयाशी संबंध नसतो. त्यांचं उत्तर ‘खूप अडचण’मध्ये टाकलं तर हृदयाचे गुण उगाच खाली येतात.

प्रमाणित प्रश्न संपले की मी शेवटी एक आपला प्रश्न विचारते, त्याला गुण नाहीत: “असं कोणतं काम आहे जे पूर्वी करायचात आणि आता करावंसं वाटतं?” उत्तरं मिळतात ती अशी: सप्तशृंग गडाच्या पायऱ्या, नातवाला शाळेत सोडणं, गोल्फ क्लब मैदानाच्या दोन फेऱ्या, ऑक्टोबर छाटणीला बागेत उभं राहणं. हे उत्तर केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लिहा. डॉक्टरांना गुणांपेक्षा आधी हेच दिसतं आणि संभाषण तिथून सुरू होतं.

चौथी पायरी: कधी विचारायचं

ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीत प्रक्रियेच्या आधी, मग एक महिना, सहा महिने, एक वर्ष. हार्ट फेल्युअरमध्ये पहिल्या भेटीला आणि नंतर निदान दर तीन महिन्यांनी. औषध बदललं तर पुढच्या भेटीला पुन्हा. फॉर्म डॉक्टरांकडे जाण्याआधी भरून घ्या. बाहेर पडताना भरलेला फॉर्म त्या भेटीत कामाला येत नाही.

नाशिकच्या रुग्णाचं वेळापत्रक शेती ठरवते. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी, जानेवारी ते मार्चची काढणी, कांद्याची लागवड आणि काढणी या काळात दिंडोरी, निफाड, लासलगावचे लोक येत नाहीत, आले तरी थकलेले असतात. मे महिन्यात काम कमी आणि ऊन जास्त. म्हणून एकाच माणसाचे फेब्रुवारीचे आणि मेचे गुण शेजारी ठेवताना मध्ये हंगाम बदलला आहे, हे लक्षात घ्या. मी फॉर्मवर ‘सध्या शेतात कोणतं काम चालू’ एवढी नोंद घेते.

सरकारी योजनेतून शालिमारच्या संदर्भ सेवा रुग्णालयात किंवा एखाद्या खासगी रुग्णालयात उपचार घेऊन सुरगाण्याला परत गेलेला माणूस फक्त फॉर्म भरायला एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी खर्च करून येणार नाही, आणि त्यानं यावं अशी अपेक्षाही करू नये. त्याला फोन करा, संध्याकाळी सातनंतर. दोन नंबर घेऊन ठेवा, एक त्याचा आणि एक घरातल्या बाईचा. दुसरा नंबर बहुतेक वेळा लागतो. व्हॉट्सॲपवरची लिंक शहरातल्या तरुण रुग्णांना ठीक आहे. सत्तरीच्या माणसाची लिंक नातू भरतो.

पाचवी पायरी: गुण मांडणं

सॉफ्टवेअर नसलं तरी चालतं, एक एक्सेल शीट पुरते. केसीसीक्यूच्या छोट्या आवृत्तीत प्रत्येक उत्तर ० ते १०० च्या पट्टीवर आणतात. पाच पर्याय असतील तर सर्वांत वाईट ०, मग २५, ५०, ७५ आणि १००. मग चार भागांची सरासरी काढतात.

समजा एका काकांची उत्तरं अशी आली. हालचाल: अंघोळ ७५, चालणं ५०, घाई २५, सरासरी ५०. लक्षणं: सूज ७५, थकवा ५०, धाप ५०, झोप ७५, सरासरी ६२.५. जगण्याचा दर्जा: ५० आणि २५, सरासरी ३७.५. सामाजिक अडचण: तिन्ही ५०, सरासरी ५०. चारही भागांची मिळून सरासरी ५०. ‘इतर कारण’ म्हणून सोडलेलं उत्तर सरासरीत धरायचं नाही. किती उत्तरं गहाळ असली की भाग रद्द होतो, ते प्रश्नावलीसोबतच्या सूचनांत दिलेलं असतं.

ढोबळ वाचन: २५ च्या खाली फारच वाईट, २५ ते ४९ वाईट, ५० ते ७४ मध्यम, ७५ किंवा वर चांगलं. ५ गुणांचा फरक रुग्णाला जाणवण्याइतका मानला जातो, १० चा फरक मध्यम ते मोठा, २० चा खूप मोठा. एकट्या रुग्णाच्या बाबतीत मी ५ गुणांवर फार विसंबत नाही, एखादी वाईट रात्रही तेवढा फरक पाडते. १० नी गुण घसरले की मात्र थांबून विचारायचंच.

एकूण गुणांमागे भाग लपू देऊ नका. या काकांची लक्षणं तशी ठीक होती, पण जगण्याचा दर्जा ३७.५. औषध बरं चाललं होतं आणि माणूस खचला होता. नुसता ५० हा आकडा ते सांगत नाही.

सहावी पायरी: उत्तर त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत

पहिल्या प्रयत्नात आम्ही इथे चुकलो. तेव्हा मी ज्या ठिकाणी होते, तिथे फॉर्म भरून घ्यायचे आणि महिन्याअखेर एकदम संगणकात चढवायचे असं ठरलं. एका रुग्णानं ‘रोज रात्री बसून झोपावं लागतं’ या पर्यायावर खूण केली होती. फॉर्म कपाटात राहिला. आठ दिवसांनी त्यांना पहाटे तातडीच्या विभागात आणलं, फुप्फुसात पाणी भरलं होतं. ते वाचले. पण त्यांनी आम्हाला लेखी कळवलं होतं आणि आम्ही वाचलं नव्हतं, हे मी विसरू शकत नाही.

म्हणून नियम असा: ज्या दिवशी वाचणारा माणूस नाही, त्या दिवशी फॉर्म द्यायचा नाही. गुण केसपेपरच्या पहिल्या पानावर, मागच्या वेळच्या गुणांशेजारी, पेननं लिहिलेले असले तरी चालतील.

धोक्याच्या उत्तरांची यादी डॉक्टरांसोबत बसून आधीच ठरवा. बसल्या जागी छातीत जड होणं, आधी क्वचित होणारा त्रास अचानक रोज होऊ लागणं, रात्री धापेनं जाग येणं किंवा बसून झोपणं, सूज झपाट्यानं वाढणं: ओपीडीत असेल तर रांग मोडून आत न्या, फोनवर कळलं तर त्याच वेळी डॉक्टरांना जोडून द्या आणि गरज असेल तर १०८ बोलवायला सांगा. पीएचक्यू-९ मधला शेवटचा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला ‘हो’च्या दिशेचं कोणतंही उत्तर आलं तर रुग्णाला एकटं सोडू नका, मानसोपचारतज्ज्ञांना त्याच दिवशी कळवा आणि घरच्यांना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहून द्या.

गुण घसरले की कारण शोधा. बऱ्याचदा ते औषधाच्या ताकदीत नसतं. लघवीची गोळी प्रवासाच्या दिवशी सोडलेली असते, कारण बसमध्ये सोय नसते, बाईमाणसाला तर नाहीच. ही गोष्ट कोणी आपणहून सांगत नाही. किंवा उन्हाळ्यात घरोघरी पापड-कुरडयांची कामं चालू असतात, तोंडी लावायला रोज लोणचं असतं, आणि मीठ नकळत वाढतं. गोळीची वेळ बदलता येते का, ते डॉक्टरांना विचारून घ्या.

सातवी पायरी: एका रुग्णाकडून सगळ्या विभागाकडे

इथपर्यंतचं काम एकेका रुग्णाच्या भल्याचं. दर्जा मोजायचा तर सगळ्यांची उत्तरं एकत्र वाचावी लागतात, आणि इथे आकडे फसवतात.

समजा, ४० रुग्णांचे पहिले गुण घेतले. सहा महिन्यांनी २६ जणांनी उत्तर दिलं. ३ जण दगावले, ११ जणांशी संपर्कच झाला नाही. २६ जणांची सरासरी ४८ वरून ६२ वर गेली. अहवालात ‘१४ गुणांची सुधारणा’ असं लिहिलं तर ते खोटं नाही, पण जे दगावले आणि जे दिसेनासे झाले ते त्यातून गळले. आता असं लिहा: ४० पैकी १६ जण किमान ५ गुणांनी सुधारले, ७ तसेच राहिले, ३ बिघडले, ३ दगावले, ११ माहीत नाहीत. उत्तर देणाऱ्यांपैकी सुधारलेले ६२ टक्के होतात, सगळ्यांपैकी ४० टक्के. दोन्ही आकडे शेजारी छापा. ११ जण कुठे गेले हाही दर्जाचाच प्रश्न आहे. त्यांतले बरेच जण लांबच्या तालुक्यांतले निघाले, तर तुमचा पाठपुरावा शहरापुरताच पोहोचतो हे कळतं.

दुसरा फसवा भाग म्हणजे सुरुवातीची वेळ. रुग्ण अगदी वाईट अवस्थेत दाखल असताना घेतलेले गुण नंतर वर जाणारच, तुम्ही काहीही केलं तरी. म्हणून डिस्चार्जनंतरच्या महिन्याचे गुण हा पाया धरा.

तिसरा भाग सगळ्यात नाजूक. ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीच्या आधीच ज्याचे त्रासाचे गुण १०० आहेत, म्हणजे ज्याला त्रासच नाही, त्याचे गुण आणखी वाढू शकत नाहीत. असे रुग्ण किती, हे मोजा. मुख्य डाव्या नळीचा अडथळा, हृदयाची क्षीण झालेली ताकद अशी चांगली कारणं त्यामागे असू शकतात. पण ‘इस्केमिया’ या मोठ्या चाचणीत ५,१७९ स्थिर रुग्णांचा अभ्यास झाला, भारतातले रुग्णही त्यात होते. सुरुवातीलाच अँजिओग्राफी करून गरजेप्रमाणे अँजिओप्लास्टी किंवा बायपास केलेल्या गटात मृत्यू आणि हार्ट ॲटॅक यांचं एकत्रित प्रमाण औषधांवर ठेवलेल्या गटापेक्षा कमी झालं नाही. ज्यांना वारंवार छातीचा त्रास होत होता त्यांचे सिॲटल प्रश्नावलीचे गुण मात्र चांगले सुधारले, आणि ज्यांना त्रासच नव्हता त्यांना जगण्याच्या दर्जात फरक जवळपास पडला नाही. तेव्हा स्थिर रुग्णाचे प्रक्रियेआधीचे गुण लिहून ठेवणं म्हणजे ‘ही प्रक्रिया कशासाठी’ या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवणं. माझ्या मते या सगळ्या पद्धतीचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे, आणि सर्वांत जास्त विरोधही इथेच होतो.

म्हणून आकडे डॉक्टरांच्या नावानं भिंतीवर लावू नका. पहिलं वर्षभर प्रत्येकाला फक्त स्वतःचे आणि विभागाचे एकत्रित आकडे द्या. ज्या डॉक्टरांकडे जास्त वयाचे, मधुमेह आणि किडनीचा त्रास असलेले, उशिरा आलेले रुग्ण येतात, त्यांचे गुण कमी दिसणारच. वय, मधुमेह, किडनी, सुरुवातीचे गुण यांचा हिशेब धरल्याशिवाय दोन रुग्णालयांची तुलना करणं अन्याय आहे. आकड्यांवर पगार किंवा बक्षीस बांधलं तर फॉर्म कोण भरतं आणि कसं भरतं तेच बदलतं.

दर महिन्याची सरासरी एका साध्या आलेखावर ठेवा. महिन्याला १५-२० रुग्ण असतील तर एका महिन्याच्या चढ-उतारावर बैठक बोलवू नका, पाच-सहा महिन्यांची दिशा बघा.

संमती आणि गोपनीयता

थोडक्यात. फॉर्मच्या वर साध्या मराठीत लिहा: माहिती कशासाठी, कोण बघणार, नाही म्हटलं तरी उपचार तसेच राहतील. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही हाच आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉर्मचे फोटो टाकू नका. आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या प्रबंधासाठी किंवा लेखासाठी आकडे वापरायचे असतील तर नैतिक समितीची मंजुरी आधी घ्या, नंतर नव्हे.

पहिले तीन महिने

पहिल्या पंधरवड्यात परवाना, भाषांतर आणि धोक्याच्या उत्तरांची यादी. दुसऱ्या पंधरवड्यात दहा-बारा रुग्णांवर वाचून बघणं. मग आठवड्यातला एकच दिवस, एकच ओपीडी, एकच डॉक्टर, आणि तेही स्वतःहून तयार झालेले. स्वतः भरणाऱ्या रुग्णाला चार-पाच मिनिटं लागतात, वाचून दाखवायला दहा. दिवसाला १५ रुग्ण धरले तर दोन-अडीच तासांचं काम आहे. ते सिस्टरच्या आधीच्या कामावर चढवू नका, माणूस वेगळा द्या, अर्धवेळ का होईना. हा खर्च टाळला तर तिसऱ्या महिन्यात फॉर्म अंदाजानं भरले जाऊ लागतात, आणि त्यापेक्षा फॉर्म नसलेले बरे.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी रुग्णाला त्याचे गुण दाखवायला लागा. एका कागदावर दोन रेघा, मागची आणि आताची. दिंडोरीच्या एका तात्यांना मी तशा रेघा दाखवल्या, ४१ वरून ५८. ते बराच वेळ कागद बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे ती नवी गोळी लागू पडली म्हणायची. मी तर महाग आहे म्हणून बंद करणार होतो.” गोळी परवडत नाही, हे त्यांनी तोपर्यंत एकदाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी डॉक्टरांनी तीच गोळी जेनेरिकमध्ये लिहून दिली आणि मी फॉर्मच्या शेवटी अजून एक बिनगुणांचा प्रश्न वाढवला: “या महिन्यात पैशामुळे कोणती गोळी घ्यायची राहिली का?”